जातीचा रकाना

रिवणच्या पंचायतीसमोर, गोणपाटाच्या मांडवात
रेबीजच्या लशी.
फॉर्मवर चौथा रकाना : जात.
सकाळपासून मी एकच शब्द लिहितोय, गावठी,
आणि त्याखाली नुसती दोन-दोन टिंबं.

साडेअकराला बुधो वेळीप आला.
सुंभाची दोरी हातात, दुसरं टोक कुत्र्याच्या गळ्यात,
पण दोरीला ओढ नव्हती.
दोघांच्या मधे ती सैल पडलेली,
जशी कुणी वाळत घालून विसरलं.
“गांवठी न्हय, दोतोर,” म्हणाला,
मी पेन टेकवायच्या आधीच.

मग मी नीट पाहिलं.
रंग पेंढ्याचा, एक पाऊस खाल्लेल्या.
डोकं चौकोनी; कपाळ उतरून नाक सुरू होतं तिथे
अशी सरळ पायरी, की काडेपेटी ठेवावी.
कान पातळ, तिकोनी, गालांना टेकलेले.
छातीवर पांढरा डाग,
पिठाच्या हातानं कुणी लाडानं दूर सारल्यासारखा.
शेपूट अर्धीच. कापली?
“तिसऱ्या दिसा. घरची रीत.”
कुणी घातली?
“खबर ना.”

तिथून गोष्टी सुरू झाल्या.
बुधोचा आजा केप्याला एका पाकल्याकडे कामाला.
एकसष्टच्या डिसेंबरात पाकल्यानं
बायकोचा पियानो नेला, दोन कपाटं नेली,
गाभण कुत्री मागच्या दारी बांधलेलीच राहिली.
“फटिंग!” जुझे कुतिन्य रांगेतूनच ओरडला.
ती तर खाणीवरच्या इंजिनियराची,
त्यानं मुरगावला बोटीवरून विकत घेतलेली.
पिशवीत मांजर घेऊन उभी असलेली बाई म्हणाली,
नंबर कितवा चाललाय?

कॉलेजच्या पुस्तकात एक शब्द होता, पेर्दिगेइरू.
पोर्तुगालचा, तित्तिरांवरचा कुत्रा.
मी तो म्हणून पाहिला.
बुधो हसला. आजा तसलंच काही म्हणायचा,
घरात सगळ्यांना ते ‘पारधी’ ऐकू यायचं.
नावही तेच पडलं. याचं, याच्या बापाचं,
त्याच्या आधीच्यांचं.

पारधी तित्तिरावर भुंकत नाही, नुसता उभा राहतो.
कुशावती भरून वाहत असताना
अडई आणतो तोंडातून, पीस न मोडता.
एकदा शेजारणीचं अंडं आणलं, अजून ऊन.
डुकराच्या रक्तामागे नेत्रावळीपर्यंत, रात्रभर.
बुधो हे खालच्या आवाजात सांगत होता,
कारण दोन खुर्च्या सोडून फॉरेस्टचा गार्ड
सोडा पीत बसलेला.
आजाच्या वेळचं हं, आजाच्या वेळचं.
दातांवरून कुत्रा चार वर्षांचा होता.

बंदूक?
निवडणुकीला ठाण्यात जमा केली,
परत आणायला गेलोच नाही.
कुणासाठी आणू.

मी सिरिंज भरत होतो.
दोरी एकदम ताठ झाली.
गटारापलीकडे चिऱ्यांची रास, तिच्यात घाणेरीचं झुडूप.
पारधीचा उजवा पाय वर, दुमडलेला.
नाक, पाठ, ती अर्धी शेपूट, एका रेघेत.
पंचवीस-तीस कुत्री भुंकत होती, हा त्यांच्यात नव्हताच.
गार्डनं बाटली खाली ठेवली.

झुडपातून तित्तिर चालत निघाला,
सरकारी माणसासारखा, सावकाश,
रस्ता ओलांडून काजूत गेला.

बुधोचा हात खांद्यापाशी जाऊन थांबला होता.
तो त्यानं मानेवरून फिरवला, खाजवल्यासारखा.
कुत्रा तसाच उभा.
आवाज व्हायचा राहिला होता ना अजून.

सुई मी त्याच अवस्थेत टोचली.
कातडीसुद्धा हलली नाही.

“जात मेळना जाल्यार आडनांव घाल,” बुधो म्हणाला.
मी लिहिलं : वेळीप.
सांग्याच्या ऑफिसात कुणीतरी ते खोडलं असणार.
मी वर पाहिलं तेव्हा बुधो गुडघ्यावर बसून
तो वर धरलेला पाय
हातानं, हळूच, खाली टेकवत होता.